रत्नदुर्गाचे बेट करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला रत्नागिरी सहलीचा लेख वाचला. मासळीच्या थाळीला दोन परिच्छेद, रत्नदुर्गाला एक ओळ; तीही चुकीची. म्हणे, ‘भर समुद्रातला किल्ला’! भर समुद्रातला म्हणजे सिंधुदुर्ग किंवा जंजिरा, तिथे होडीशिवाय गत्यंतर नाही. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाजवळपर्यंत गाडी जाते. तीन बाजूंना पाणी आणि एका अंगाने जमिनीला चिकटलेला, घोड्याच्या नालेसारखा हा डोंगर आहे. शाळेत आपण याला भूशिर म्हणायला शिकलो.

माझे आजोळ तिथले, म्हणून जरा जास्तच टोचले असेल. पण डोंगर असा पुढे घुसलेला आहे, त्यावरच त्या गावाचे पुष्कळसे अवलंबून आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा वळून टोकावरच्या कड्यांवर एकवटतात आणि मागच्या आखातात त्यांचा जोर मोडतो. उत्तरेला मिरकरवाडा बंदर आहे ते या आडोशाला. दक्षिणेला मांडवी, तिथली वाळू काळी. उत्तरेला मिऱ्याकडे जाताना लागतो त्या किनाऱ्याचे नावच पांढरा समुद्र. मांडवीला मामा आम्हाला दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक द्यायचा. ते वाळूतून ओढत नेऊन उचलले की खाली काळा केसाळ सुरवंट लोंबायचा. लोहखनिजाचे ते कण सह्याद्रीच्या कातळातले, नद्यांनी वाहून आणलेले. तो सुरवंट झटकायचा म्हणजे बोटे काळी करून घ्यायची आणि घरी मामीची बोलणी खायची.

हाच कातळ आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरही पायाखाली असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उन्हापावसाने कुजून त्याचा जांभा झाला. त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह-ॲल्युमिनियम उरले. आपल्या लेखात त्याची नुसती ‘लाल माती’ झाली आहे. माती कसली, त्याचे चिरे काढून लोक घरे बांधतात! महाबळेश्वरला सुमारे १३७० मीटरवर हाच जांभा आहे, तिथे पुणेकर वर्षातून दोनदा जातात.

पुढच्या वेळी थाळीचा एक फोटो कमी करून किनाऱ्याचा चार बोटे रुंद नकाशा छापता आला तर पाहा.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे