आबा, डायरेक्शन शिकवून येतं का?

वूच, पोलंड

ति. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि बाबा मध्येच "पैशाचं विचारा तिला" म्हणतात, म्हणून पत्रच लिहितेय. दादा मोठ्या अक्षरात छापून देईल.

तुमचा प्रश्न होता, पाच वर्षं सिनेमाच्या शाळेत नक्की काय शिकवतात, भालजीबाबा पेंढारकरांना डायरेक्शन कोण शिकवायला आलं होतं? बरोबर आहे. बाबूराव पेंटर तर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले. कॅमेरासुद्धा आपल्या कोल्हापुरातच तयार केला, तानीबाई कागलकरांनी पैसे घातले आणि 1920 साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. पण त्याच कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत शिकलेच ना? म्हणजे शाळा होती, फक्त फी नव्हती. जयप्रभा स्टुडिओत सेट ठोकता ठोकता तुम्ही जे बघितलंत, त्यातलं बरंचसं इथं वेळापत्रक लावून शिकवतात.

हे गाव बघितलं तर तुम्हाला शाहू मिलचा भोंगा आठवेल. सगळं गाव कापडावर उभं राहिलेलं. 1989 नंतर मोठ्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. पोझनान्स्की नावाच्या गिरणीमालकाच्या लाल विटांच्या कारखान्यात आता मॉल आहे. परळला जे झालं तेच. सिनेमा इथं आला तो दुसऱ्या महायुद्धामुळं. वॉर्सा जमीनदोस्त झालं होतं, वूच बऱ्यापैकी शाबूत राहिलं, म्हणून स्टुडिओ इथं उभे राहिले आणि 1948 मध्ये आमची शाळा निघाली. वायदा, पोलान्स्की, किस्लोव्स्की हे मोठे डायरेक्टर सगळे इथलेच. आत एक लाकडी जिना आहे, त्याच्या पायऱ्यांवर बसून पोरं एकमेकांच्या फिल्मची चिरफाड करतात. तेव्हाही करायची म्हणे. किस्लोव्स्कीला या शाळेनं दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदा घेतलं. हे खास बाबांसाठी लिहितेय. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत माझं नाव आलं नाही, तेव्हा ते बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन आले होते.

शिकवतात काय, तर बहुतेक वेळ दुसऱ्याच्या फिल्मवर राबायला. आज मी डायरेक्टर, उद्या मित्राच्या सेटवर क्लॅप देणारी, परवा कुणाच्या तरी फिल्मसाठी कबाडखान्यातून दरवाजा शोधणारी. दरवाजा शोधताना तुमची फार आठवण आली. आतल्या बाजूनं उघडणारा दरवाजा आणि बाहेरच्या बाजूनं उघडणारा दरवाजा यानं सगळा सीन बदलतो, हे तुम्ही सांगायचात तेव्हा मला ती सुताराची कटकट वाटायची. इथं त्यावर अख्खा तास झाला.

नट सांभाळणं हे दुसरं. "तू दुःखी आहेस" असं नटाला सांगायचं नाही, त्यानं तो फक्त चेहरा पाडतो. त्याला काम द्यायचं: याच्याकडून पैसे काढ, हिला घरातून जाऊ देऊ नको. माझं पोलिश अजून एवढं तोकडं आहे की मला दुसरं काही सांगताच येत नाही, त्यामुळं या बाबतीत माझं बरं चाललंय. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत आम्ही अर्धा अर्धा तास भूमिकेवर भाषणं ठोकायचो, ते आठवून हसू येतं. केशवराव भोसले नाट्यगृहाचं काम कुठवर आलंय? 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीचे व्हिडिओ बघितल्यावर मला रात्रभर झोप नव्हती.

तिसरं म्हणजे थांबायचं कुठं. कॅमेरा शिकणारी काही पोरं अजून 35 एमएम रिळावर शूट करतात. चारशे फुटांचं रीळ जेमतेम साडेचार मिनिटं चालतं. मोबाईलवर पन्नास टेक घेणाऱ्या माणसाला त्या साडेचार मिनिटांत घाम फुटतो, कारण काय हवंय ते आधीच ठरवून यावं लागतं. सेटवर वीस माणसं तोंडाकडं बघत असतात. "बघू या, असंही घेऊ, तसंही घेऊ" म्हणणाऱ्या डायरेक्टरचा युनिट दुपारपर्यंत आदर करतं, जेवणानंतर नाही.

आता मुख्य बातमी. माझी माहितीपटाची एत्यूदा, म्हणजे विद्यार्थ्यांची छोटी फिल्म, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यावर आहे. तुम्हाला माहीतच आहे, रशियानं सायबेरियात हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि 1943 ते 1948 त्यातले सुमारे पाच हजार आपल्या वळिवड्यात राहिले. त्या छावणीच्या जागी आज आपण स्वस्त कापडं घ्यायला जातो ते गांधीनगर आहे, हे इथं सांगितलं की सगळे चकित होतात. लहानपण तिथं काढलेल्या एक आजी मला सापडल्या. त्यांनी छावणीच्या गोष्टी भरभरून सांगितल्या, पण अगदी पाठ केल्यासारख्या. बऱ्याच जणांनी आधी विचारून नेलंय ना. मग मधेच मीटरवाला आला, त्या उठल्या, त्याच्याशी बिलावरून भांडल्या आणि परत येऊन काकडी चिरत बसल्या. आमचा कॅमेरा चालूच होता. सगळं फुटेज बघून आमचे सर म्हणाले, "तू त्यांना कोल्हापूर विचारतेस, म्हणजे स्वतःच्या घराबद्दलच विचारतेस." फिल्म बारा मिनिटांची होणार. त्यात भांडण आहे, काकडी आहे, आणि कोल्हापूर भिंतीवरच्या एका फोटोपुरतं आहे. गल्लीत सगळ्यांना बोलावून बघणार असाल तर आधीच सांगून ठेवा, पोरीनं अंबाबाईचं देऊळसुद्धा दाखवलं नाही म्हणतील.

बाबांचा पैशाचा प्रश्न टाळत नाही. इथं सरकारी फिल्म संस्था आहे. थिएटरवाले, टीव्ही चॅनेल, वितरक, केबलवाले यांच्या उत्पन्नातला दीड टक्का तिच्याकडं जातो आणि त्यातून सिनेमा बनायच्या आधीच, साधारण निम्म्या खर्चापर्यंत मदत मिळू शकते. आपल्याकडं राज्य सरकारचं अनुदान सिनेमा पुरा झाल्यावर, दर्जा ठरवून. म्हणजे आधी कुणीतरी घर गहाण टाकलेलं असतं. मला ते घर आपलं नकोय. म्हणून परत आल्यावर मी पहिल्या दिवशी सिनेमा काढणार नाही. डेली सिरियलला सहायक म्हणून लागेन. तिथं रोज जवळजवळ एक भाग संपवावा लागतो, कला कमी आणि धावपळ जास्त, पण घरभाडं निघतं आणि हात चालू राहतो. स्वतःच्या फिल्मला किती वर्षं लागतील ते कुणीच सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. आई लग्नाचं काढणार हे माहीत आहे. त्याचं उत्तर वेगळ्या पत्रात.

एक काम आहे. दादाला घेऊन एकदा वळिवडे स्टेशनवर जा. ते लोक तिथंच गाडीतून उतरले. मला चित्र नकोय, आवाज हवाय. गाडी येण्याआधी पाच मिनिटं मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, मोबाईल बाकावर ठेवायचा, हातात धरायचा नाही, वाऱ्याकडं तोंड करून ठेवायचा नाही. गाडी गेली तरी लगेच बंद करायचं नाही. दादा मध्ये मध्ये बोलेल, त्याला चहाला पाठवा. फाईल व्हॉट्सअॅपवर साधी पाठवू नका, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, त्याला कळतं ते. महिनाअखेरपर्यंत मिळालं तर एडिटिंगला उपयोग होईल.

इकडं येणारं कुणी भेटलं तर कांदा-लसूण मसाला अर्धा किलो. आईला आणि बाबांना नमस्कार.

तुमची नात,
राणी