दगडांना त्यांचं गाव परत देणाऱ्या मामांना

पुणे

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आईवडिलांना तीर्थरूप आणि त्यांच्या जागी असलेल्या मोठ्या माणसांना तीर्थस्वरूप, असं माझ्या आजोबांनी, आबांनी मला पहिलं पोस्टकार्ड लिहायला शिकवताना सांगितलं होतं. तुम्हाला हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला सांगा, सावकाश वाच. घरी येऊन दोन शब्द बोलले असते तर तुम्ही नेहमीसारखं "असू दे, ताई" म्हणून विषय बदलला असता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. शिवाय आबांचे दगड आज ज्यांच्या ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनाही हे कळायला हवं.

आबा गेले तेव्हा भवानी पेठेतल्या वखारीच्या मागच्या खोलीत २१४ खोकी होती. वखार पणजोबांची, लाकडाची. आबांनी तिथेच एका फळीवर दगड ठेवायला सुरुवात केली आणि वीस वर्षांत लाकूड पुढच्या खोलीत सरकलं, दगड सगळीकडे झाले. शाळेत मला कोणी विचारलं, "तुझे आजोबा काय विकतात?" तर "दगड" म्हटल्यावर मुलं हसायची. मी रडत घरी आले की आबा मला मांडीवर बसवून एक खोकं उघडायचे. कापसाच्या गादीवर अपोफिलाइट या खनिजाचा फिका हिरवा चौकोनी मनोरा, त्याच्या पायाशी स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजाची गुलाबी पेंढी. "हे आपण विकतो," म्हणायचे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, एकावर एक थर बसले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं, हे मला त्यांनी आंबोळीवरून शिकवलं. पीठ तव्यावर पडलं की बुडबुडे फुटून जाळी पडते, तशा वायूच्या बुडबुड्यांनी लाव्हात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपलं, दगडातली द्रव्यं विरघळवून घेऊन आलं आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरले. त्या पोकळीला तुम्ही खाणकामगार 'घर' म्हणता. सुरुंग उडाला, कातळ फुटला की तुम्ही ओरडायचात, "घर उघडलं!" हा शब्द आबांनी तुमच्याकडून घेतला आणि शेवटपर्यंत तोच वापरला.

खोकी होती, पण चिठ्ठ्या गेल्या होत्या. दोन पावसाळे छत गळलं. आबांनी प्रत्येक दगडाला घरच्या खळीने नंबर चिकटवला होता आणि ती खळ कसरीने खाल्ली. वहीत १ ते ३१०० पर्यंत नोंदी, गाव, खाण, तारीख, सगळं आबांच्या वळणदार अक्षरात. आणि खोक्यांत नंबर नसलेले दगड. बाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळणार नाही. पण खनिजाच्या नमुन्याला त्याच्या गावावरून किंमत असते आणि अभ्यास करणाऱ्याला तर गाव कळलं नाही तर तो दगड निरुपयोगीच. सुंदर असतो, शोकेसमध्ये शोभतो, पण काही सांगू शकत नाही. आबा म्हणायचे, "गाव गेलं की दगड पोरका."

त्याच महिन्यात एक व्यापारी आले आणि सगळा माल वजनावर घेतो म्हणाले. किलोचा भाव सांगितला. घरात कर्ज होतं, बाबांची तब्येत ठीक नव्हती आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. हे तुम्हाला मी आजवर सांगितलं नाही.

तुम्ही आलात ते दहाव्याला येता आलं नाही म्हणून भेटायला. पुण्याजवळच्या वाघोलीहून दोन बस बदलून, गुडघ्याला पट्टा बांधून. चहा घेतलात, आबांच्या फोटोला हार घातलात आणि जाता जाता मागच्या खोलीत डोकावलात. उघड्या खोक्यातला एक दगड उचललात. मी म्हटलं, "मामा, त्याची चिठ्ठी गेली." तुम्ही दगड उलटा केलात, अंगठ्याने धूळ पुसलीत आणि म्हणालात, "ह्यो जळगावचा. सावद्याकडचा."

मी वही काढली. सावद्याच्या नोंदींत आबांनी वर्णन लिहिलं होतं: 'बिनरंगी अपोफिलाइट, टोक एक बाजूला मोडके, खाली निळसर पांढरा गारेचा थर.' टोक मोडकं होतं. गारेचा, म्हणजे गारगोटीचा, थर होता.

त्यानंतर तुम्ही अकरा रविवार आलात.

ते अकरा रविवार मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. मी स्टुलावर वही घेऊन बसायचे, तुम्ही जमिनीवर पोतं टाकून. दगडाचं तोंड तुम्ही क्वचितच पाहिलंत. सगळं जग स्फटिक बघतं, तुम्ही मागचा कातळ बघत होतात. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "तोंड सारखं असतं, ताई. पाठ वेगळी." मग एकेक पाठ माझ्या हातात दिलीत. वाघोलीची ठिसूळ, लालसर, बोटाने दाबली तर कण सुटणारी. जळगावकडच्यांना बऱ्याचदा गारेचं अस्तर. कुठे पोकळीच्या कडेने हिरवी माती पातळ लिंपल्यासारखी. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यातल्या विहिरीचे हिरवे गोळे तर तुम्ही कापूस बाजूला करायच्या आधीच ओळखलेत. ते घेऊन येताना आबांनी एसटीत दोन तिकिटं काढली होती, एक स्वतःचं आणि एक पेटीचं, हे तुमच्याकडूनच कळलं.

मी भूगर्भशास्त्राची पुस्तकं चाळली आहेत. त्यांत लिहिलेलं खरंच आहे. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा पोत वेगळा, त्यात शिरलेलं पाणी वेगळं, म्हणून खनिजांची संगतही वेगळी. पण ते ज्ञान बोटांत उतरलेलं मी फक्त तुमच्याकडे पाहिलं. सही करताना तुम्ही अंगठा उमटवता. त्याच अंगठ्याने तुम्ही आबांची अख्खी वही वाचलीत.

एक डबी आठवते. उघडली तर आत नुसती पांढरी पूड. मी ती केरात टाकायला निघाले आणि तुम्ही मनगट धरलंत. "लोमोंटाइट हाय. कोरडा पडला." त्या खनिजाच्या आतलं पाणी उडालं की ते आपोआप चुरा होतं, आबा ती डबी घट्ट बंद ठेवायचे, आत ओला बोळा घालायचे आणि दर पंधरा दिवसांनी बघायचे. आजारपणात ते राहून गेलं. तुम्ही ती पूड एका पुडीत बांधून माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, "गाव लिहा. दगड नसला तरी गाव हाय." ती पुडी आबांच्या फोटोमागे आहे.

दुपारी जेवताना तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही पोरवयात सरकारी कामावर खडी फोडायला बसलात. डब्यातून सुकडी मिळायची तीच भाकरी. घणाखाली एक दगड फुटला आणि आत चमकलं. मुकादमाने फेकून दे सांगितलं, तुम्ही खिशात घातलंत. आबांना तो दगड तुम्ही पुढे काही वर्षांनी दाखवलात, लूना थांबवून ते खाणीच्या कडेला विचारत होते, "कुणाला चकचकीत काही सापडतं का?" म्हणून. आबांनी दहा रुपये दिले. तुम्हाला वाटलं, माणूस वेडा आहे.

आणि निळ्या दगडाची गोष्ट. ऐंशीचं दशक सरत होतं, वाघोलीच्या खाणीत पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळीभोर फुलं निघाली. कोणालाच ओळख पटेना. आबांनी मोरचूद असेल म्हणून एक कण पाण्यात टाकून रात्रभर ठेवला. सकाळी पाणी स्वच्छ, फूल तसंच. तो कॅव्हनसाइट होता. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन या तिघांची अक्षरं जोडून केलेलं नाव. साठच्या दशकात तो अमेरिकेत ओरेगनमध्ये पहिल्यांदा मिळाला होता, पण इवलासा. जगभरच्या संग्रहालयांत जी मोठी निळी फुलं दिसतात ती आपल्या वाघोलीची. तुम्ही दिलेला एक तुकडा आबांनी चाळीस रुपयांना घेतला आणि मुंबईच्या निर्यातदाराला कितीतरी पटींनी विकला. अमेरिकेत टूसॉन गावी दर फेब्रुवारीत दगडांची मोठी जत्रा भरते, तिथे तो गेला म्हणे. आबा स्वतः कधी देशाबाहेर गेले नाहीत.

पैसे हातात आल्यावर आबा दुसऱ्या दिवशी लूनावर वाघोलीला आले आणि निम्मी रक्कम तुमच्या हातावर ठेवली, एवढंच तुम्ही सांगितलंत. त्यातून तुमच्या घरावर पत्रे चढले हे तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. आजीला आबांनी त्या महिन्यात "व्यवहार थोडा तोट्यात गेला" असं सांगितलं होतं. आजी आता नाही, नाहीतर मी तिला हे आधी वाचून दाखवलं असतं.

अ‍ॅसिडवरून तुमचं दोघांचं झालेलं भांडणही तुम्हीच सांगितलंत. घाईत असलेले लोक चुनखडी काढायला दगड अ‍ॅसिडात बुडवतात. चुनखडी जाते, पण बरोबरच्या झिओलाइटांची, म्हणजे स्टिल्बाइटसारख्या खनिजांची, चमकही मरते. तुम्ही एकदा तसं केलंत आणि आबा तुमच्याशी महिनाभर बोलले नाहीत. नंतर दात घासायचा मऊ ब्रश आणि साधं पाणी घेऊन ते स्वतः तुमच्या ओट्यावर बसले. ओकेनाइट या खनिजाच्या कापसासारख्या गोळ्यांना मात्र पाणीसुद्धा नाही, फुंकरही हलकी. आज मी हेच करते, आणि माझा हात चुकला की तुम्ही "आबा बघत्यात" म्हणता.

सगळ्यांत जास्त ऋणी मी कशाची असेन तर तुम्ही ज्या दगडांना "ठाऊक नाही" म्हणालात त्याची. ते नऊ दगड होते. कोणतंही गाव सांगून मोकळं होणं सोपं होतं, मला पारखता आलं नसतं. तुम्ही प्रत्येक दगड तीन-तीनदा हातात घेतलात आणि बाजूला ठेवलात. त्यांतला एक म्हणजे करड्या गारेचा तुकडा, आत बारीक गोगलगायी दगड होऊन बसलेल्या. "ही आपली न्हाई. ही खाणीतली न्हाई," म्हणालात. खरंच नव्हती. वहीच्या शेवटच्या पानावर, नंबराशिवाय, आबांनी लिहून ठेवलं होतं: 'नागपूरकडचा. विकायचा नाही.' लाव्हाचा एक थर येऊन गेला आणि दुसरा यायचा होता, तेवढ्या मधल्या काळात तळी साठली, तळ्यांत गोगलगायी जगल्या. लहानपणी तापात मी झोपत नसे तेव्हा आबा हाच दगड माझ्या तळहातावर ठेवून त्या मोजायला लावायचे. मी कधी एकवीसच्या पुढे गेले नाही, झोप लागायची. तुम्ही नाही म्हणाला नसतात तर मी वहीचं शेवटचं पान उघडलंच नसतं.

आता खोलीत काय आहे ते सांगते. २१४ पैकी १९८ खोकी लागली. ज्या दगडांचा वहीशी मेळ बसला त्यांच्यावर आबांचा जुना नंबर आहे. ज्यांचा बसला नाही, पण तुम्ही गाव सांगितलंत, त्यांवर तसं स्पष्ट लिहिलं आहे: 'गाव: खाणकामगाराच्या ओळखीवरून.' चाळीस नमुने एका कॉलेजला अभ्यासासाठी दिले. तिथल्या बाईंनी चिठ्ठीचा नमुना पाठवला. त्यात खनिज, गाव, तालुका, संग्राहक असे रकाने होते. मी एक रकाना वाढवला: 'कोणी काढला.' तिथे तुमचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. या पत्रात नाव नको म्हणालात, ते पाळलं. पण चिठ्ठीवरून ते काढायचं नाही, एवढा माझा हट्ट आहे. आबांनी इतकी वर्षं तो रकाना का ठेवला नाही हे मला कळत नाही. ते असते तर मी विचारलं असतं, आणि मला वाटतं त्यांनी लगेच पेन मागितलं असतं.

वजनावर घेणाऱ्या व्यापाऱ्यांना मी 'नाही' असं कळवलं. गेल्या सहा महिन्यांत गावासकट विकलेल्या दगडांतून कर्जाचा मोठा हप्ता गेला.

अकराही रविवार तुम्ही बसभाड्यापलीकडे एक रुपया घेतला नाहीत. "आबांचं काम हाय" म्हणालात आणि तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं. मी आबांची वही पुन्हा वाचली. ज्या ज्या विक्रीत तुमचा दगड होता तिथे समासात एक बारीक टिंब आहे आणि निम्मी रक्कम वजा केलेली आहे. शेवटचं टिंब त्यांच्या आजारपणाच्या आधीच्या महिन्यातलं. म्हणजे ही घरची रीत आहे, मी नवीन काही करत नाही. या सहा महिन्यांचा हिशेब मी त्याच वहीत, त्याच पद्धतीने मांडला आहे. टिंबं लाल पेनाने केली आहेत, आबांची निळी आहेत. नातवाला घेऊन या, तो आकडे तपासेल.

सोळा खोकी अजून उघडायची आहेत. दिवाळीनंतरचा रविवार चालेल का? गुडघा दुखत असेल तर मी खोकी रिक्षात घालून वाघोलीला आणते. पोतं तुमच्या ओट्यावर टाकू.

तुमची,
आबांची नात