नातीचा कापलेला गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात आठवीत आहे. ‘स्थायूची घनता द्रवापेक्षा नेहमी जास्त असते, चूक की बरोबर?’ असा प्रश्न तिला चाचणीत आला. तिनं लिहिलं, ‘चूक, कारण बर्फ पाण्यावर तरंगतो.’ गाइडात ‘बरोबर’ छापलंय म्हणून तिचा गुण कापला. घरी येऊन ती विचारते, “आजोबा, मग बर्फ तरंगतो ते काय?”

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बत्तीस वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायचा साचा ज्यावरून करतात ते नमुने, केले. घनता हा शब्द तिथे कुणी फारसा उच्चारत नाही, पण दिवसभर गाठ तिच्याशीच. आमची मोजपट्टीसुद्धा मुद्दाम लांब असते: बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर, पोलादासाठी जवळपास २०. गोठलेला धातू थंड होताना आकसतो, तेवढा पॅटर्न मोठा करावा लागतो. त्याआधी द्रवाचा स्थायू होताना आकसतो ते वेगळंच. ॲल्युमिनियम त्या वेळी सहा टक्क्यांच्या आसपास आकसतं. म्हणून रायझरमधून, म्हणजे साच्याला जोडलेल्या जादा धातूच्या साठ्यातून, वितळलेला धातू पुरवत राहायचा, नाहीतर कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या वस्तूच्या, पोटात पोकळी राहते. बिडाचं मात्र न्यारं. त्यातला कार्बन गोठताना ग्राफाइट होऊन बाहेर पडतो. ग्राफाइट हलकं, जागा जास्त खातं, आणि आकसणं बरंचसं भरून निघतं. पूर्वी छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या शिशात अँटिमनी मिसळत, तेही अक्षराची कड आकसून बिघडू नये म्हणून.

बहुतेक पदार्थांपुरतं गाइड खरं आहे. थंडीत गोठलेल्या तुपाचा गोळा पातळ तुपात टाका, तळाला जातो. पाणी मात्र उलट वागतं. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून बसतो, मध्ये मोकळी जागा राहते. १ लिटर पाण्याचा बर्फ सुमारे १.०९ लिटर भरतो. पाणी सर्वांत दाट असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे काश्मीरचं दल सरोवर वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. आपला रंकाळा तलाव गोठत नाही, म्हणून मुलांना हे डोळ्यांनी दिसत नाही, एवढंच.

वायूबद्दल वाद नाही. १ लिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १,६७० लिटर वाफ होते. दमट लॅडलमध्ये, म्हणजे धातू न्यायच्या भांड्यात, वितळलेल्या धातूचा रस ओतला आणि तळाच्या ओलीची वाफ होऊन धातू उसळला, त्यात एका मोल्डरचा (साचे करणाऱ्याचा) हात भाजलेला मी समोर पाहिलाय. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पदार्थ वेगवेगळे असले, तर नुसतं स्थायू की द्रव म्हणून काहीच ठरत नाही. पारा द्रव, पण पाण्याच्या १३.६ पट दाट, लोखंडी नट त्यावर तरंगतो.

संबंधित शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. त्या वर्गाचे पेपर पुन्हा पाहावेत आणि ज्या ज्या मुलांनी बर्फाचं उदाहरण दिलंय, त्यांना तो एक गुण द्यावा.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर