दिगूस पत्र

उदगीर
मृगाचा आठवडा

प्रिय दिगंबरराव (राव फक्त आजच्यापुरतं),

प्रकृती बरी आहे. टाके सुकले, वजन उतरलं. डावी कानाची पाळी आणि जबड्याचा कोपरा अजून बधिर आहे, त्यामुळं रेझर फिरतोय का नाही ते आरशात बघूनच कळतं. प्रकृतीचं एवढंच.

लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. परवा रात्री तो आवाज आला. डाव्या कानात, नाडीच्या ठेक्यावर, सूंऽ सूंऽ. ऑपरेशननंतर पार गेला होता. कानाखाली मानेवर बोट हलकं दाबलं तर बंद झाला, काढलं की पुन्हा सुरू. म्हणजे तोच. पहाटेपर्यंत कधीतरी गेला. घरात कुणाला बोललो नाही. तुला सांगतोय, कारण ह्या आवाजावर पहिला विश्वास तू ठेवलास. हुरड्याला आगटीपाशी उकिडवा बसून तू माझ्या कानाला कान लावलास, पोरं फिदीफिदी हसायलेली, आणि तू म्हणालास, "मला काई ऐकू येईना. पण तुला येतंय ना, मग आहे." एवढं एकच शहाणं वाक्य तू जन्मात बोललास, म्हणून लक्षात आहे.

बाकीच्यांनी त्याला गॅस म्हटलं, बीपी म्हटलं, मानेचा मणका म्हटलं. मावशीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि विचार कमी करा म्हणाला. बी-खताच्या दुकानदाराला, ऐन पेरणीच्या तोंडावर, अर्धं गाव उधारीवर असताना!

हैदराबादच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेलं चित्र मी जपून ठेवलंय, आलास की दाखवतो. जबड्यामागं कवटीला खाली एक बारीक टोकदार हाड असतं, स्टायलॉइड म्हणतात. माणसांचं अडीच-तीन सेंटिमीटरचं, माझं ४.५ भरलं. (माझ्यात काहीतरी फाजील आहे असं तू कॉलेजपासून म्हणतोस. घे, रिपोर्ट आला.) ह्या लांब हाडाचं दुखणं १९३७ साली ईगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं लिहून ठेवलं, पण त्याचा भर घशाच्या दुखण्यावर होता. माझं लफडं शिरेचं. मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीर ह्या हाडाच्या आणि मानेच्या पहिल्या मणक्याच्या मधून उतरते. माझी त्या दोघांत चेंगरली होती, ठिबकच्या नळीवर ट्रॅक्टरचं चाक उभं राहिल्यागत. माणूस उभा असला की रक्त मणक्याजवळच्या दुसऱ्या वाटांनीही उतरतं; आडवा झाला की सगळा भार ह्याच शिरेवर. म्हणून मी रात्री भिंतीला टेकून बसायचो आणि तू मला वॉचमन म्हणायचास. आता कळलं का रे, गाढवा?

तर हाड काढलं, मणक्याचं टोकही थोडं कोरलं. पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की इतकी वर्षं दबलेली शीर लगेच मोकळी होईलच असं नाही. सूज उतरायला महिने लागतात. कुणाकुणाला नंतर आत स्टेंट टाकावा लागतो. आणि उजवी बाजूही अरुंदच आहे, ती पुढं बघू. हे सगळं मी ऐकलं. हिनं त्यातलं 'ऑपरेशन चांगलं झालं' तेवढं ऐकलं. चुकीचं नाही ऐकलं. तेही डॉक्टर म्हणालेच होते. पण दिगू, गंठण बँकेत आहे. अण्णांनी तुरीचे पैसे पिशवीसकट आणून दिले, मोजलेसुद्धा नाहीत. आता रोज कुणी ना कुणी दुकानात येतं, सोयाबीनची बॅग उचलायच्या आधी विचारतं, "आता बरं हाय नव्हं?" मी म्हणतो, एकदम.

तू वाळूजची नोकरी गेल्यावर गावात 'सुट्टीवर आलोय' म्हणून हिंडत होतास, तेव्हा बसस्टँडवर मी तुला खोटारडा म्हणालो होतो. ते भांडण मी मागं घेत नाही. तू माझ्याकडून उसने घेऊन त्याच पैशाचे मला पेढे चारलेस, हे खोटंच. पण 'एकदम' हा शब्द तोंडातून किती सहज निघतो, ते तुला माहीत आहे आणि आता मलाही.

जेवणाचंही असंच. पहिला घास चावला की जबड्यात कानाजवळ अशी कळ येते की डोळ्यांत पाणी. दुसऱ्याला कमी, चौथ्या-पाचव्याला काही नाही. अशा ऑपरेशननंतर होतं म्हणे, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. चिंच-लिंबू घेतलं की जास्त. म्हणून पहिला घास मी ताटाशी वाकून घेतो. लेक बघते. परवा तिनं माझ्या ताटातलं लोणचं न बोलता उचललं. तिला किती कळतंय कोण जाणे. दुकानाचं शटर पोरगा उघडतो, कारण डावा हात खांद्याच्या वर जाईना. खांद्याची नस ताणली गेली म्हणून व्यायाम दिलेत. वरच्या फळीवरची तणनाशकं सगळी खाली घेतलीत, गिऱ्हाइकं म्हणतात, मालक, दुकान बैजवार लावलं की!

आता तो आवाज एका रात्रीचा सुजेचा खेळ होता, का शीर पुन्हा बसली? डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, एका रात्रीवरून काही ठरत नाही, लिहून ठेवा, स्कॅन दिवाळीनंतर ठरलाय तसाच करू, वाढलं तर लगेच या. बरोबरच बोलले. मी वहीत लिहिलं, उधारीच्या वहीत, मागच्या पानावर, जिथं ही बघत नाही. उजव्या बाजूचंही करायचं म्हणाले तर काय, हा हिशोब तिथंच मांडायला घेतला आणि अर्ध्यात सोडला.

तुझ्या पोरीचं बारावीचं कळलं, शाब्बास म्हणावं. वहिनींचा गुडघा कसा आहे? प्लॉटचा मोजणीचा वाद मिटला का? सविस्तर लिही, एका ओळीत उरकू नकोस.

आणि काम असं आहे. स्कॅनला ही येते म्हणते, पण मला तू हवास. त्या चित्रावर बोट ठेवून जे सांगतील ते मला आधी तिच्याशिवाय ऐकायचंय. तिला काय, कसं सांगायचं ते येताना गाडीत ठरवू. संभाजीनगरहून बिदरमार्गे जाणारी रात्रीची गाडी धर, मी उदगीरला चढतो. खालचा बर्थ माझा, त्यावर वाद नको. बिर्याणीचा खर्च तुझा, ते पेढ्यांचे पैसे अजून फिटलेले नाहीत.

तारीख पक्की झाली की फोन करतो. मधे तू केलास आणि हिनं उचलला तर खताच्या कंपनीच्या मीटिंगला जायचंय म्हण.

तुझा,
वॉचमन