तुला लागू पडेल की जाऊबाईंनाच?

नाशिक, ऑक्टोबर

प्रिय शुभा,

काल फोन मध्येच कट झाला आणि सोयाबीनचा विषय अर्धाच राहिला. म्हटलं, लिहूनच टाकावं. नाहीतरी फोनवर तू मला बोलू कुठे देतेस!

तुझ्या जाऊबाई म्हणतात, सोयाबीन सुरू केल्यापासून पाळी जातानाच्या, अंगातून निघणाऱ्या वाफा कमी झाल्या. तू तेच दळण, तीच पोळी खातेस आणि तरी रात्री पंख्याखाली घामाघूम. तुमच्यातलं कुणी खोटं बोलत नसेल. फरक आतड्यात असू शकतो.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात. त्यातलं डेडझीन आपल्या कामाचं. दाण्यात ते बहुतेक साखरेला जखडलेलं असतं. पोटात गेल्यावर आधी ही साखर सुटते. त्यात आतड्याच्या अस्तरातली विकरंही हातभार लावतात. खरी गंमत पुढे, मोठ्या आतड्यात, जिथे प्राणवायू जवळपास नसतो. तिथले काही मोजके जिवाणू डेडझीनला टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडत जातात आणि शेवटी इक्वॉल तयार होतं. स्लॅकिया, ॲडलरक्रॉयट्झिया अशी त्या जिवाणूंची नावं. म्हणून बघ, जीभ अडखळते की नाही. इक्वॉलची ठेवण आपल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी असल्यामुळे पेशींमध्ये इस्ट्रोजेन जिथे बसतं त्या जागांवर, विशेषतः त्यातल्या बीटा प्रकारावर, ते जाऊन बसतं. मूळ डेडझीनपेक्षा त्याचा जोर जास्त.

पण हे जिवाणू सगळ्यांकडे नसतात. जपान, चीन, कोरियात साधारण ५० ते ६० टक्के लोकांच्या शरीरात इक्वॉल तयार होतं, पाश्चात्त्य देशांत २५ ते ३० टक्क्यांच्याच. उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या पोटातले जिवाणू त्याच डेडझीनचं भलतंच काही बनवतात. जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांना सोया घातलं तर इक्वॉल होतच नाही. पण इक्वॉल बनवणाऱ्या माणसाचे आतड्यातले जिवाणू त्यांच्यात सोडले की होऊ लागतं, न बनवणाऱ्याचे सोडले तर नाही. मला हा पुरावा फार आवडतो. शंकेला जागाच नाही.

इक्वॉल पहिल्यांदा सापडलं १९३२ मध्ये, तेही गाभण घोडीच्या मुतात! पुढे १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनात. चरायला क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचं कुरण होतं. त्यातल्या द्रव्याचं मेंढीच्या पोटात इक्वॉल होत होतं, तेही भरमसाट, हा उलगडा पुढे झाला. माणसांच्या लघवीत ते सापडलं १९८०च्या दशकात, आणि मग सोयाबीनशी नातं जुळलं. मेंढ्यांचं ऐकून दचकू नकोस, त्या दिवसभर तेच चरत होत्या. आणि तुझ्या दिरांना सांग, सोया खाऊन पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिलंय.

आता तुझ्या दळणाचं. कच्चं सोयाबीन टाकत असशील तर आधी ते थांबव. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य त्यात असतं, ते उष्णतेने निकामी होतं. मी मंद आचेवर कढईत भाजते. सुरुवातीला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो, मग सालं तडकायला लागतात आणि फुटाण्यांसारखा खमंग वास सुटला की उतरवायचं. पाच किलो गव्हाला पाव किलो. त्याहून जास्त घातलं तर तेलामुळे पीठ दगडाला लिंपतं आणि आमचा सिडकोतला गिरणीवाला डबा तसाच परत देतो, वर दोन शब्द ऐकवतो ते वेगळेच. तू सोयाबीन तेलही आणायला लागलीस म्हणालीस. चालेल, पण आयसोफ्लेव्होन तेलात जवळजवळ उतरतच नाहीत. त्यापेक्षा सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा कर.

राहिली ती बाटली, जी तुला कुणीतरी गळ्यात मारतंय. जपानमध्ये जिवाणूंकरवी सोया आंबवून तयार इक्वॉलच्या गोळ्या करतात. ज्यांच्या पोटात ते बनत नाही अशा बायकांना रोज १० मिलिग्रॅम दिल्यावर वाफा काहीशा कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलं. तुझ्या बाटलीवर मात्र नुसतं ‘सोया अर्क’ लिहिलंय. ज्यांचे जिवाणू इक्वॉल बनवतच नाहीत त्यांच्या पोटात जाऊन त्याचंही इक्वॉल होणार नाही. इतके पैसे घालायचे तर आधी डॉक्टरांना दाखव, वाफांवर त्यांच्याकडे दुसरे उपाय आहेत. माझं विचारशील तर सोयाबीन डाळीसारखं खावं, प्रथिनांसाठी. इक्वॉल झालं तर झालं.

आणि हो, सकाळची थायरॉईडची गोळी आणि सोयाबीनची पोळी यांत काही तासांचं अंतर ठेव, गोळी नीट शोषली जात नाही.

निफाडचं सोयाबीन निघालं का? निघालं असेल तर दोनेक किलो माझ्यासाठी बाजूला काढ, इथल्या दुकानातल्या दाण्यात खडे फार. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
मीना