बफर वाढवू नका म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुम्ही मला जे समजावलंत, ते इंदूरमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या आणखी कितीतरी जणांना हवं आहे.

आमचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. आलेखात लिंकचा, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीचा, वापर जेमतेम तीस टक्के, तरी एखादी क्वेरी (माहितीची विनंती) मधूनच २०० मिलिसेकंद अडकायची. ऑफिसात मोठ्या बफरच्या (डेटा रांगेत थांबवून ठेवणाऱ्या जागेच्या) स्विचचं, म्हणजे सर्व्हर जोडणाऱ्या यंत्राचं, कोटेशनही आलं होतं. ते बाजूला ठेवायला लावून तुम्ही एकच विचारलंत, "नेमके २००च का?"

लिनक्सचा टीसीपी, म्हणजे डेटा नीट पोचवणारी व्यवस्था, हरवलेलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) टायमरवर पुन्हा पाठवतो, तेव्हा किमान तेवढा थांबतो. डेटासेंटरच्या आत पॅकेटची ये-जा काही दहा-शंभर मायक्रोसेकंदांची, म्हणजे हे थांबणं हजारो पट. तुम्ही फोनवर असतानाच एनस्टॅट (नेटवर्कचे आकडे दाखवणारी आज्ञा) चालवलं, आणि टाइमआउटचा, म्हणजे टायमर संपून पुन्हा पाठवावं लागण्याचा, आकडा आमच्या डोळ्यांदेखत चढत होता. एक क्वेरी चाळीसेक सर्व्हरांना जाते, सगळे एकाच क्षणी उत्तर देतात, स्विचच्या एकाच पोर्टचा बफर भरतो आणि मागची पॅकेटं पडतात, म्हणजे हरवतात. पाच मिनिटांच्या सरासरीत हे कधीच दिसणार नाही.

गूगलच्या डीन आणि बरोसो यांचा २०१३चा हिशोब तुम्हीच सांगितलात: प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असला, तरी शंभर सर्व्हरांवर अवलंबून असलेल्या विनंत्यांपैकी ६३ टक्के रेंगाळतात. तेव्हापासून मी सरासरी बघत नाही, ९९वा पर्सेंटाइल (शंभरातली ९९ उत्तरं ज्या वेळात येतात तो वेळ) बघतो.

बफर वाढवला असता तर पॅकेटं कमी पडली असती, पण बॅकअपच्या लांब रांगेमागे छोटी उत्तरं ताटकळली असती. लिंक रिकाम्या ठेवणं परवडत नाही. पैसे तर पूर्ण लिंकचेच मोजलेले असतात. २०१०चा डीसीटीसीपी, म्हणजे डेटासेंटरसाठीचा टीसीपी, इथेच कामाला येतो. रांग ठरावीक मर्यादेपुढे गेली की स्विच पॅकेटवर खूण करतो, आणि पाठवणारा किती टक्के पॅकेटांवर खूण आली त्या मानाने वेग उतरवतो. साधा टीसीपी एका खुणेलाही वेग एकदम बराच उतरवतो. म्हणून डीसीटीसीपीत रांग आखूड राहते आणि लिंकही भरलेली राहते. साध्या टीसीपीची वाहतूक वेगळ्या रांगेत टाका, नाहीतर दोघांचं पटणार नाही, हेही तुम्ही आधीच बजावलंत. ते ऐकलं नसतं तर पहिल्याच आठवड्यात सगळं उलटं फिरवावं लागलं असतं.

दिवसभर स्वतःची नोकरी करून रात्री आमचे लॉग ओळीन् ओळ वाचायचं तुम्हाला काही बंधन नव्हतं. ओळखही काय, तर आमच्या काकूंच्या भिशीतली. तरी एकदाही घाई केली नाहीत. मनापासून आभार, ताई.

टाइमआउटचा आकडा आता क्वचितच हलतो. दोन मोठे फ्लो (डेटाचे प्रवाह) वाट ठरवणाऱ्या हॅशच्या गणितामुळे एकाच वाटेवर येतात, ते मात्र अजून सुटलेलं नाही. त्यासाठी रविवारी फोन करतो.

आपला,
लोकमान्य नगर, इंदूर