गृहमंत्री साहेब, आमच्या आईंची पोत हरवली नाही, ओढून नेली

मा. गृहमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार. मी दक्षिण नागपुरात रिंगरोडच्या पलीकडे एका ले-आऊटमध्ये राहते. मागच्या मंगळवारी संध्याकाळी माझ्या सासूबाई कोपऱ्यावरच्या डेली नीड्समधून दुधाची पिशवी घेऊन घरी येत होत्या. मागून मोटरसायकलवर दोन पोट्टे आले, मागच्याने गळ्यात हात घालून पोत ओढली. पोत चांगली मजबूत होती, लगेच तुटली नाही, त्यामुळे आई चार-पाच पावलं गाडीसोबत फरफटत गेल्या. वय 71. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली, आणि गळ्यावरचा वळ अजून तसाच आहे, जेवताना घास गिळताना हात तिथे जातो त्यांचा.

रात्रीच ठाण्यात गेलो, दवाखान्याचे कागद घेऊन. पहिला प्रश्न काय, तर गाडीचा नंबर सांगा. रस्त्यावर तोंडावर पडलेली म्हातारी बाई नंबर कशी वाचणार साहेब? मग म्हणे एफआयआर केली तर तुम्हालाच कोर्टाच्या चकरा, सध्या गहाळची नोंद करून ठेवा, सापडली की कळवतो. आणि प्रिंट काढून माझ्या मिस्टरांची सही घेतली. त्यात लिहिलं आहे की दागिना रस्त्यात कुठेतरी पडून गहाळ झाला. मोडलेल्या हाताचा त्यात एका अक्षराने उल्लेख नाही. मोटरसायकल नाही, पोट्टे नाहीत, काहीच घडलं नाही.

मी वकील नाही, बँकेत नोकरी करते, पण त्या रात्री झोप आली नाही म्हणून वाचत बसले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम 304 खास हिसकावून नेण्यासाठीच घातलं आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चोरी करताना इजा केली तर ती जबरी चोरी होते, तिची शिक्षा त्याहून मोठी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 लाच सांगितलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, ऑनलाइन देऊन तीन दिवसांत सही करता येते, एफआयआरची प्रत फुकट मिळते, 90 दिवसांत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं असतं. सगळं छान लिहिलं आहे, पण हे सगळं मिळणार एफआयआर झाल्यावर ना? गहाळच्या कागदावर कोण तपास करतं?

आणि खरी गोम इथेच आहे. गहाळ हा गुन्हाच नाही, म्हणजे तो गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. मोबाईल हिसकावला, गहाळ. पर्स ओढली, गहाळ. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, असा कागद घरोघरी निघेल. मग पत्रपरिषदेत सांगायचं की नागपुरात गुन्हे घटले. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणारी केंद्राची संस्था, 20 लाखांवर लोकसंख्येच्या 19 महानगरांचे आकडे वेगळे छापते, त्यात आपलं नागपूर आहे, पण ते आकडे तरी कुठून येतात? ठाण्यातल्या रजिस्टरमधूनच. आणि 2023 चा अहवाल यायला 2025 उजाडलं. दोन वर्षं शिळे आकडे, तेही जे लिहून घेतले तेवढेच.

दिवाळीत आमच्याकडे लागोपाठ घरफोड्या झाल्या तेव्हा समाजभवनात मीटिंग झाली होती. पोलीस अधिकारी होते, लोकप्रतिनिधी होते, पुष्पगुच्छ झाले, फोटो झाले. शब्द काय दिला होता? चौकी देऊ, रात्री चार्ली, म्हणजे मोटरसायकलवर गस्त घालणारे पोलीस, फिरतील, चौकातला कॅमेरा सुरू करू. चार्ली काही दिवस आले खरे, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं आणि गायब झाले, विचारलं तर बंदोबस्त. आम्ही समजू शकतो बंदोबस्त. पण अधिवेशन संपून मंत्री मुंबईला परत गेले तरी चार्ली परत आले नाहीत. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाचं ऐकायला सरकार दरवर्षी काही काळ इथे येईल असं ठरलं होतं ना? मग तुम्ही आमच्या शहरात येता तेव्हाच आमच्या गल्लीतला पोलीस का निघून जातो? तपासाचे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा हे सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग खटल्यात 2006 मध्ये सांगून झालं आहे, दोन दशकं होत आली, आमच्या ठाण्यात तर तोच शिपाई गणपती बघतो, सभा बघतो आणि तोच चोरी शोधतो.

कॅमेऱ्याचं तर बोलूच नये. शहरभर साडेतीन हजारांवर कॅमेरे लावले, त्यातला एक आमच्या चौकात आहे, सिमेंट रोडच्या कामात केबल कापली गेली तेव्हापासून तो आंधळा उभा आहे. त्याच्याखालच्या खांबावरचा लाईट बंद. बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत, तिथे अंधार पडला की पोट्टे बसतात, दारू असते, गांजा असतो, 112 ला फोन केला की गाडी येते, पोट्टे उठतात, गाडी गेली की परत बसतात. आणि सकाळी तेच पोट्टे आम्हाला विचारतात फोन कोणी केला होता, हे त्यांना कळतं कसं? महापालिकेकडे जावं तर मार्च 2022 पासून प्रशासक, जवळजवळ चार वर्षं तक्रार ऐकायला नगरसेवकच नव्हता.

घरात काय चाललंय ते सांगते. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये आहेत, नाईट असली की मी आणि आई दोघी जाग्या. मुलगी दहावीला, तिची ट्यूशन आठला सुटते, मी बँकेतून येऊन चहा न घेता तिला आणायला जाते. आई आता फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. ज्या बाईने या ले-आऊटमध्ये दुसरं घर नव्हतं तेव्हापासून संसार केला, ती आता मोटरसायकलचा आवाज आला की पदर गळ्याभोवती घट्ट धरते. गळ्यात आता काळा दोरा आहे फक्त.

13 ऑगस्ट 2004 ला याच नागपुरात, जिल्हा कोर्टात, कस्तुरबा नगरच्या बायकांनी त्यांच्या वस्तीतला गुंड अक्कू यादव याला ठार मारलं. त्या बायका वर्षानुवर्षं तक्रारी करत होत्या. मी त्याचं समर्थन करत नाही, पण आमच्या गल्लीतली तरुण पोरं काठ्या घेऊन रात्री फिरायची भाषा करून राहिली आहेत आणि त्यांना थांबवायला माझ्याकडे काय आहे? हा गहाळचा कागद?

आमच्या गहाळच्या नोंदीचा एफआयआर करा, आईंच्या हातासकट. समोरच्या घराच्या खासगी कॅमेऱ्याचं फुटेज पुसलं जायच्या आत ताब्यात घ्या, थोडेच दिवस राहतं ते. शहरातल्या प्रत्येक ठाण्यात किती गहाळ नोंदी झाल्या ते दर महिन्याला जाहीर करा, मग गुन्हे घटले की नाही ते आमचं आम्ही बघू. आणि उत्तर लेखी पाठवा, फोन करून समजूत घालायला माणूस पाठवू नका, तो येऊन गेला आहे.

आपली,
दक्षिण नागपुरातली एक सून